टमाटा कोणता, भाजी कोणती?

शिंदखेड्यातून बोलतेय. आज पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या. लाइट आताच आलीय आणि पंखा बंद करायची हिंमत नाही.

विषय एका व्हॉइस नोटमधून आला. माझा आतेभाऊ पुण्यात रूम करून राहतो. रविवारी त्याने मित्रांना खान्देशी शेवभाजी खाऊ घालायचं ठरवलं. मसाला माझ्या आत्याने दिलेला, शेव दोंडाईच्याहून नेलेली, तेल सढळ हाताने. आणि रात्री साडेदहाला त्याचा आवाज, "ताई, भाजी गोड लागतेय गं. घरच्यासारखी येतच नाही. मी काय चुकलो?"

मी विचारलं, टमाटे किती टाकले? म्हणाला चार. कोणते? म्हणाला, "टमाटे म्हणजे टमाटेच ना? लाल, लांबट, कडक. ॲपवरून मागवले."

तिथेच सापडलं. आंब्यात आपण हापूस, केसर, लंगडा ओळखतो. टमाटा मात्र सगळ्यांना एकच वाटतो. तर आज त्याच्या जाती, आणि कोणती जात कोणत्या भांड्यात जाते ते बघू.

आधी थोडी ओळख. टमाटा आपला नाहीच. त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, अँडीज डोंगरांच्या बाजूला. मेक्सिकोत तो शेतात रुळला आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. बंगालीत त्याला 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगं, म्हणत. नाव चुकीचं नाही, वांगं आणि टमाटा एकाच कुळातले. तरी आपल्या भरतात टमाटा नसतो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, बस. सगळीकडे टमाटा टाकायची सवय अलीकडची आहे, हे लक्षात ठेवा.

आता बाजारात चला. पिशवी धरा आणि माझ्याबरोबर तीन ढीग बघा.

पहिला ढीग, गावरान. चपटा, थोडा वेडावाकडा, अंगावर खाचा. साल पातळ. देठाजवळचा भाग, म्हणजे खांदा, पिकला तरी हिरवट राहतो. लोक तो बघून म्हणतात, कच्चा आहे, नको. इथेच फसतो आपण. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. फळ एकसारखं लाल दिसावं म्हणून ज्या जाती निवडल्या गेल्या, त्यांच्यात फळातलं हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे फळात साखर कमी तयार होते. म्हणजे दिसायला देखणा, चवीला फिका. हिरवा खांदा हा दोष नाही, जुन्या जातीची खूण आहे.

दुसरा ढीग, लांबट. अंड्यासारखा, कडक, आत गर जास्त, बिया आणि पाणी कमी. आडवा कापला की दोन-तीनच कप्पे दिसतात. इटलीचा सॅन मार्झानो, रोमा हे याच घराण्यातले. बंगळूरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा तीन रोगांना टिकणारा हायब्रीडही कडक फळाचा. राहुरी विद्यापीठाची 'भाग्यश्री' गडद लाल, गर भरपूर, बिया कमी, म्हणून प्रक्रियेला चांगली.

तिसरा ढीग, गोल हायब्रीड. गुळगुळीत, सगळे एका मापाचे, जाड सालीचे. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून २०-२० किलोच्या क्रेटमधून लांब जातात. प्रवासात फुटू नयेत हाच त्यांचा मोठा गुण. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देऊ नका. पातळ सालीचा गावरान माल ट्रकमध्ये टाकला तर मुंबईत रस पोहोचेल.

आता स्वयंपाक.

शेवभाजी, मटकीचा रस्सा, मसाल्याची कुठलीही तर्रीवाली भाजी असेल तर गावरान. आणि कमी. आमच्या घरी चार माणसांच्या शेवभाजीत एकच टमाटा पडतो. काही घरांत तर अजिबात नाही. तिथे राज्य भाजलेल्या खोबऱ्याचं, कांद्याचं आणि काळ्या मसाल्याचं. टमाट्याने फक्त पाठीमागून आंबट आवाज द्यायचा. भावाने चार लांबट टाकले, म्हणून आंबटपणा हरवला आणि गोडसर गर वर आला. तेल सुटेपर्यंत परतायचं, मगच पाणी.

पनीरची ग्रेव्ही, पावभाजी, पास्ता, घरचा सॉस असेल तर लांबट. पाणी कमी म्हणून लवकर आटतो, रंग देतो. तेलात शिजवला की त्यातलं लायकोपीन, म्हणजे लाल रंगद्रव्य, शरीराला जास्त मिळतं.

कोशिंबीर, सँडविच असेल तर गोल हायब्रीड. कापल्यावर आकार धरतो. मीठ मात्र अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून कोशिंबिरीचं सार होतं. आणि खऱ्या साराला, उलट, जास्त पिकलेला, मऊ पडलेला टमाटाच हवा. जो बघून तुम्ही फेकायला निघता ना, तोच.

हिरवा कच्चा टमाटा तव्यावर तेलात मिरची-लसणाबरोबर भाजा, शेंगदाणे किंवा तीळ घाला, खलबत्त्यात कुटा. मिक्सरने तो गुळगुळीत होतो, मजा जाते. कळण्याच्या भाकरीबरोबर खाऊन बघा आणि मला मेसेज करा.

दोन चुका सगळे करतात. पहिली, बियांभोवतीचा लिबलिबीत भाग काढून टाकणं. सार-रश्श्यासाठी तो काढू नका. भाजीला खमंग, भरलेली चव देणारं ग्लुटामेट गरापेक्षा त्या भागात जास्त असतं. दुसरी, डाळ किंवा बटाटा शिजायच्या आधीच टमाटा टाकणं. आंबटामुळे ते मऊ व्हायला वेळ लागतो. वरण कुकरमधून निघालं की मग टमाटा. गॅस वाचेल. रूमवर सिलिंडर सगळ्यांच्या वाटणीचा असतो, भांडणही वाचेल.

आणि फ्रिज! २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की टमाटे आठवडाभर ५ अंशांवर ठेवले तर साखर, आंबटपणा तसाच राहतो, पण वास देणारे घटक घटतात. बाहेर काढल्यावरही ते पुरते परत येत नाहीत. म्हणून पिकेपर्यंत बाहेर, देठाची बाजू खाली. फारच पिकला आणि आज करायचा नसेल, तरच फ्रिज. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ अंश असतं, तेव्हा थोडेच आणा, दुसरं काय.

शहरात गावरान मिळत नसेल तर? एक लांबट टमाटा आणि अर्धा चमचा चिंचेचा कोळ. काम भागतं.

आता भाव. २०२३चा जुलै आठवतो? किरकोळ बाजारात टमाटा १०० रुपयांच्या वर गेला, दिल्लीत सरकारने सवलतीत ९० रुपये किलोने विकला. आपण मीम्स केले. आणि सप्टेंबरपर्यंत भाव असा पडला की तोडणीचा खर्च निघेना म्हणून शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्यावर मीम्स नव्हते. तेव्हा स्वस्ताई आली की चार मित्रांत एक क्रेट घ्या. लांबट असेल तर शिजवून, गाळून, आटवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गच्ची असेल तर काप करून, मीठ लावून, पातळ फडक्याखाली कडक उन्हात वाळवा. आपल्या खान्देशात ऊन तरी फुकट आहे.

शेवटची गोष्ट, आणि ही मला बोलायचीच होती.

आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर माझी आजी गावरान टमाट्याची चार झाडं जगवायची. कधी विकत आणलं नाही, कधी मुद्दाम पेरलं नाही. पडलेल्या फळातून पुन्हा उगवायचं. आजी गेली. त्याच उन्हाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांआड येऊ लागलं आणि झाडं वाळली. बी कोणीच ठेवलं नव्हतं. आम्हाला वाटलं, येईल परत. नाही आलं. वर्षभर आईने बाजारातले टमाटे टाकून भाजी केली आणि बाबा रोज ताटावर बसून म्हणायचे, "यामा आंबट शे कोठे?" आई काही बोलायची नाही.

मग कळलं, आजीने लग्नात मावशीला रोपं दिली होती. मावशीच्या वाड्यात ती अजून होती. चार फळं आणली. बी धरायची रीत सोपी आहे. पूर्ण पिकलेल्या फळाच्या बिया रसासकट वाटीत दोन दिवस ठेवायच्या, वर बुळबुळीत थर येतो, मग धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख लिहायची. हायब्रीडचं बी असं धरून उपयोग नाही, पुढची झाडं आईबापासारखी निघत नाहीत. गावरानाचं निघतं.

भावालाही एक पुडी पाठवलीय. त्याच्या रूमला गॅलरी आहे, रिकामी रंगाची बादली आहे. परवा फोटो आला, दोन पानं फुटलीत. शेवभाजीला अजून तीन महिने आहेत.

तुमच्या घरी असं कुठलं बी असेल, टमाट्याचं, वांग्याचं, मिरचीचं, तर या आठवड्यात आजीला, आईला विचारा कुठे ठेवलंय. आणि नुसतं विचारू नका, एक पुडी स्वतःजवळ ठेवा.

चला, लाइट जायच्या आत थांबते. भेटू पुढच्या भागात. राम राम.