चुलीची हजेरी

(कोल्हापुरात युवकांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'दलित कविता आणि बंड'. मी दहावी पास माणूस, जुन्या भाषेत मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर हमाली करतो. चार कविता छापून आल्या म्हणून तुम्ही मला इथं उभं केलंत. पण कवितेवर बोलणारे प्राध्यापक पुष्कळ हायत. मी आज कालवणावर बोलणार आहे. हसू नका. ज्या घरात रोज दोनदा चूल पेटते त्या घरातलं राजकारण चुलीपासूनच सुरू होतं, आणि आपल्या चळवळीनं तिकडं पाठ केलेली आहे.

कोल्हापूरच्या कुठल्याही रस्त्यानं चाला. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, 'राजेशाही', 'घरगुती', आणि हायवेला लागलात की 'चुलीवरचं मटण'. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक गाडी लावून येतो, धुराचा वास नाकात घेतो आणि त्याचे जादा पैसे मोजतो. ज्या धुरानं माझ्या आईचे डोळे गेले, तो धूर आता प्लेटीत घालून विकला जातो. २०१६ साली सरकारनं गॅसची योजना काढली, टाकी घरात आली. पण टाकी संपली की पुढची भरायला पैसे नसतात आणि बाई परत शेणी फोडून चूल पेटवते. तिच्या चुलीला कुणी बोर्ड लावत नाही.

त्याच हॉटेलात कोपऱ्यात बसून भाकरी थापणारी एक मावशी असते. तिच्या तव्याचे फोटो निघतात. तिची मजुरी किती, सुट्टी कधी, हे कुणी विचारत नाही.

आता आपल्या घरातलं कोल्हापूर. आमच्यात रस्सा म्हणजे थोडं मटण जास्त माणसांना पुरवायची युक्ती. पावशेर आणायचं, खाणारी तोंडं सात. मग पाणी वाढवायचं, चटणी वाढवायची, वर कट आणायचा, म्हणजे ताटात भरपूर दिसतं. नाहीतर वजडी, मुंडी, पाय, रक्ती. काहीच नसलं तर हिरव्या मिरच्या नि लसूण तव्यावर भाजायचा, मीठ टाकायचं आणि तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडायचं. झाला खर्डा. उन्हाळ्यात वर्षाची चटणी. मिरच्यांची देठं काढून, वाळवून, भाजून, कांडपाला नेऊन आणायच्या. त्या आठवड्यात आईचे हात रात्रभर पेटलेले असतात. ही वजडी एकेकाळी हलकी म्हणून आमच्या वाट्याला आली, आज तीच 'वजडी फ्राय' म्हणून हॉटेलात मिळते. आणि २०१५ च्या कायद्यानं बैलाचं मटण बंद झालं, तेव्हा गरिबाच्या हंडीतलं स्वस्त कालवण गेलं. हंडीत काय शिजणार हेसुद्धा वरूनच ठरतं.

म्हणून अन्नाचं राजकारण आपल्याला नवं नाही. याच गावात गंगाराम कांबळे होते, राजवाड्यावर नोकरीला. पाण्याला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना गुरासारखं मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांनी पुढं भर गावात चहाचं हॉटेल घातलं. महाराज १९२२ साली वारले, त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. कुणी तिथला चहा पिईना. तेव्हा महाराज स्वतः तिथं गेले, चहा मागवला, आपण प्यायले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावला. महाराज चहा प्यायले ही गोष्ट आपण दर २६ जूनला सांगतो. त्यातला मुद्दा पक्का धरा. अन्न शिजवणारा हात कुणाचा, यावर ही समाजव्यवस्था उभी हाय. त्या हाताला मान मिळाला की तिला तडा जातो.

दुसरी गोष्ट महाडची. १९२७ साली बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, दारोदार मागितलेल्या शिळ्या तुकड्यावर जगणं सोडा. त्या वर्षी डिसेंबरात त्यांनी बायांपुढं वेगळं भाषण केलं आणि मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका असं बजावलं. जरा डोळ्यांपुढं आणा. फुकटचं मांस बंद झालं. चान्या वाळवून पावसाळ्यासाठी मडक्यात ठेवायची सोय गेली. येसकराची भाकरी थांबली. ठरावाला हात वर करणारे बहुतेक पुरुष होते, पण रिकामं झालं ते बाईचं मडकं. पोरं रडायला लागली की ती तिच्याकडं बघून रडणार, अध्यक्षांकडं बघून नव्हे. तरी आपल्या आज्या-पणज्यांनी ते निभावलं. कण्या शिजवल्या, रानातली भाजी खुडली, आंबील पाजलं, आणि ते मांस उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आपला स्वाभिमान पहिल्यांदा पाळला गेला तो चुलीपुढं. इतिहासात तिचं नाव कुठं हाय?

त्याच महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. तिचं एक पान मात्र आपल्या स्वयंपाकघरात तसंच राहिलं. कसं ते सांगतो.

आमच्या घरात वाढायचा क्रम असा. आधी वडील. मग आलेला पाहुणा. मग कमावती पोरं. मग शिकणारी पोरं. मग पोरी. शेवटी आई. ती हंडीच्या बुडाला भाकरीचा तुकडा फिरवते आणि म्हणते, 'मला भूकच न्हाई बघ आज.' ही भूक नसलेली बाई मी वीस वर्षं बघतोय. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरात ती हाय. गावच्या पंगतीत आपल्याला सगळ्यांत शेवटी, लांब, बाहेर बसवलं म्हणून आपण पेटून उठलो. आणि घरच्या पंगतीत शेवटची जागा कुणाची, हे विचारलं की म्हणतो, 'तिला तसंच आवडतं.' गावचा पाटीलसुद्धा आपल्याबद्दल हेच म्हणत होता की!

भावनेचं बोलतोय असं वाटत असेल तर आकडा घ्या. सरकारनंच २०१९ ते २१ मध्ये घरोघरी जाऊन रक्त तपासलं. देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांतल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. त्याच वयाच्या पुरुषांत शंभरातले २५. पाळी, बाळंतपण यात रक्त जातं हे खरं. पण जिच्या अंगातनं रक्त जातं, तिच्याच ताटात आधी पडायला पाहिजे ना? आपल्यात ती हंडीचं बूड पुसते.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. पूर्वी गोदीत कामगाराला काही किंमत नव्हती. सकाळी फाटकावर गर्दी करायची, मुकादमानं बोट दाखवलं तो आत, बाकीचे उपाशी माघारी. कामगार भांडले, आणि १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा आला. नाव नोंदलं गेलं, हजेरी लागली, पाळी ठरली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा झाला. आज कंटेनर आले, कंत्राट आलं, त्यातलं पुष्कळ परत हातातनं चाललंय, ते भांडण वेगळं. पण एक गोष्ट मी गोदीत शिकलो. ज्या कामाची हजेरी लागत नाही, ते काम मालकाच्या डोळ्याला दिसतच नाही.

आईची हजेरी मी मांडून बघितली. पहाटे ५ ला नळ. पाणी, चहा, डबे, भाकरी, ८ वाजेपर्यंत. मग चार घरची धुणंभांडी, साडेबारापर्यंत. १ ते ३ आपल्या घरची धुणंभांडी. संध्याकाळी ६ ते १० परत स्वयंपाक, वाढणं, झाकपाक. म्हणजे साडेचार तास परक्यांच्या घरात आणि नऊ तास आपल्या. गंमत बघा. तेच भांडं, तीच राख, तोच हात. चार घरांत त्याला पगार हाय, सणाला साडी हाय. पाचव्या घरात त्याला नावसुद्धा नाही. कुणी विचारलं की वडील सांगतात, 'ती चार घरची कामं करते, बाकी घरातच असते.' घरातच असते! नऊ तास!

आणि हे आमच्याच घरचं नाही. २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडला गेला. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात. पुरुषांची ९७. आणि ही ९७ करणारे पुरुष तरी किती? शंभरात २६.

कुणी म्हणेल, स्वयंपाक हे काय काम हाय? मग मुंबईचं ऐका. सातारा, कोल्हापूर, कोकणातनं गेलेला गिरणी कामगार जेवला कुठं? खाणावळीत. एकेक बाई आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत वीस-वीस गड्यांचं रांधत होती आणि किराण्यासाठी सावकाराकडं दागिना गहाण टाकत होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बँकेनं मान्य केलं की हा धंदा हाय, ही बाई कर्ज फेडेल. जे बँकेला कळलं ते नवऱ्याला, पोराला कळत नाही?

आणि पुरुषाला जमत नाही हे तर साफ खोटं. मुंबईत आम्ही आठ गडी एका खोलीत राहतो. भिंतीला कागद डकवलाय, त्यावर वार आणि नावं. ज्याचा वार त्यानं भाजी आणायची, शिजवायची, भांडी घासायची. चुकला तर त्या दिवशीचा चहा-बिडीचा खर्च त्याच्यावर. पोती वाहून पाठ मोडलेली असते तरी भात टाकतो गडी. मटण असलं की तुकडे मोजून आठ वाटण्या. त्यात थोर-लहान नाही, जात नाही, पोटजात नाही. पण हाच गडी सणाला गावी येतो, ताटावर बसतो आणि समोर तांब्या असताना ओरडतो, 'पाणी!' बोरीबंदर ते कोल्हापूर एका रात्रीच्या प्रवासात हात कुठं गळून पडले याचे?

कार्यकर्त्याच्या घराची तर बातच सोडा. बैठक रात्री अकराला. पंधरा जण. विषय, स्त्री-पुरुष समता. आतनं हाक, 'अगं, चहा टाक!' चहा येतो. तासानं परत टाक. साखर कुठनं आणली, दूध कुणाच्या वाट्याचं गेलं, याची विचारपूस नाही. ती दारात येऊन दोन शब्द ऐकायला उभी राहिली की हा म्हणतो, 'पोरगं रडतंय बघ.' समतेचा ठराव पास. कप-बश्या पंधरा. घासणारी एक.

यावर आपले काही दोस्त मला म्हणतात, 'आधी जात मोडू, मग चूल बघू. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं तर शत्रू हसेल.' मी विचारतो, बाबासाहेब थांबले होते काय? हिंदू कोड बिलासाठी त्यांनी वर्षांमागून वर्षं घालवली आणि १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात ते बिल रखडवल्याचं कारण त्यांनी उघड सांगितलं. आधी हे, मग ते, असं ते बोलले नाहीत. जात पोटाच्या वाटेनंच घरात येते आणि पंगतीच्या क्रमानंच टिकते. वरच्याचं उष्टं खालच्यानं खायचं हा तिचा नियम. घरात तोच चालू ठेवून चौकात तिच्यावर भाषण करायचं, हे जमायचं नाही.

लिहिणाऱ्यांना एक सांगायचंय. फलटणच्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, पण दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलं. चळवळीतल्या बाईला चळवळीतल्याच घरात वही लपवावी लागली, हे विसरू नका. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं स्वयंपाकघर कागदावर आणलं. कोल्हापूरकडचं कोण लिहिणार? आपल्या आयांना विचारा. दुष्काळात काय शिजवलं, मडकं रिकामं असताना पोरांना काय सांगितलं, स्वतः काय खाल्लं. हे सगळं तिच्याबरोबर जाळलं-पुरलं जाण्याआधी उतरवून घ्या. पण उतरवून घेताना एक पथ्य पाळा. ती बोलत असताना भांडी तुम्ही घासा. तिला बसून बोलू द्या.

माझ्या मागण्या साध्या हायत. प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात भिंतीला कागद लागला पाहिजे, वार आणि नाव. सगळ्यांची ताटं एकदम मांडायची, आईचं ताट वाढल्याशिवाय कुणी घास मोडायचा नाही. मटणाच्या वाटण्या सारख्या. बैठक ज्याच्या घरी, त्यानं चहा करायचा, बाकीच्यांनी कप धुवायचे, आणि घरातली बाई बैठकीत बसणार.

गोदीत हजेरीचं पुस्तक उघडायला आमच्या आधीच्या पिढीला संप करावे लागले, लाठ्या खाव्या लागल्या, कारण पुस्तक मालकाच्या ताब्यात होतं. इथं मालक कोण हाय? दिल्लीत नाही, कारखान्यात नाही. ताटावर बसून हाक मारणारा आपणच. तेव्हा मोर्चा काढायची गरज नाही. आज रात्री घरी गेलात की पाटावरनं उठा आणि भाकरी थापायला शिका. पहिली मोडेल. दुसरी करपेल. थापत राहा.

जय भीम.