हवालदाराचं म्हणणं कोण मांडणार?

(ॲन आर्बर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



पोलिसांच्या राज्यव्यापी संघटनांबद्दल बोलणार म्हटल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपण पुरोगामी म्हणवणारी माणसं. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल, मोर्चावरच्या लाठीमाराबद्दल आपण पोटतिडकीने बोलतो. पोलिसांचे हक्क हा आपला विषय नाही, असं धरून चालतो. माझं म्हणणं असं की तो आपलाच विषय आहे, आणि कोठडीतल्या माणसाच्या हक्कांशी त्याचा थेट संबंध आहे.

माझे मामा मुंबई पोलिसात हवालदार होते. १९८२ साली मी शाळेत होतो. जानेवारीपासून गिरणी संप चालू होता. पोलिस कर्मचाऱ्यांची तेव्हा राज्यव्यापी संघटना होती. पगार, घरं, कामाचे तास अशा तिच्या मागण्या होत्या. १५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने संघटनेची मान्यता काढून घेतली, नेत्यांची धरपकड केली, पोलिस संपावर गेले आणि शहरात दंगल उसळली. लष्कर बोलवावं लागलं. पुढे अनेकजण बडतर्फ झाले. मामांची नोकरी वाचली, पण 'संघटना' हा शब्द त्यांनी घरात पुन्हा कधी उच्चारला नाही.

पोलिसांनी संप करावा असं मी म्हणत नाही. आपण राहतो त्या मिशिगनमध्येही पोलिसांना संप करता येत नाही. सरकारी नोकरांच्या संपावर इथे १९४७ सालीच बंदी आली. पण १९६५ साली त्यांना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला, आणि १९६९ च्या ३१२ क्रमांकाच्या कायद्याने पोलिस व अग्निशमन दलासाठी सक्तीचा लवाद आला. पगाराची बोलणी फिसकटली तर लवादाकडे जायचं. त्याचा निर्णय दोन्ही बाजूंना बंधनकारक. एक दार बंद केलं, तर दुसरं उघडून दिलं. आपल्याकडे १९८२ साली होतं तेही दार बंद केलं आणि वर कुलूप लावलं.

१९६६ च्या केंद्रीय कायद्यानुसार पोलिसांना सरकारी परवानगीशिवाय संघटनेत जाता येत नाही. तरी केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना गेली कित्येक दशकं आहे. आयपीएस अधिकाऱ्यांचीही आहे. महाराष्ट्रातल्या शिपायाला काय आहे? साहेबांचा 'दरबार'. म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार, बहुधा त्यांच्याच समोर उभं राहून ती मांडायची. २०१६ साली मुंबईत देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना तिथल्याच एका कर्मचाऱ्याची होती. आयुक्तांनी ऐकून घेतलं म्हणून ते झालं. न ऐकणारे आयुक्त आले तर?

आता नाण्याची दुसरी बाजू. संघटना म्हटली की ती आपल्या माणसाला पाठीशी घालणारच, ही शंका खोटी नाही. अमेरिकेत अनेक शहरांत बडतर्फ केलेला अधिकारी करारातल्या तरतुदींच्या जोरावर पुन्हा कामावर रुजू झालेला आहे. आपल्या ॲन आर्बरमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑरा रॉसर ही कृष्णवर्णीय स्त्री स्वतःच्या घरात पोलिसाच्या गोळीने मेली. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. लोक रस्त्यावर उतरले, वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले, तेव्हा कुठे २०१८ साली शहर परिषदेने स्वतंत्र नागरी देखरेख आयोगाचा ठराव केला. कुठल्याही पोलिस संघटनेने तो आपणहून मागितला नसता.

म्हणून 'संघटना' या एका शब्दाखाली आपण ज्या गोष्टी एकत्र करतो, त्या वेगळ्या करायला हव्यात. मिशिगनमध्ये त्या बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. पगार आणि कामाच्या अटींसाठी कर्मचाऱ्यांच्या युनियन आहेत. पोलिसप्रमुखांची राज्यव्यापी व्यावसायिक संघटना आहे. ती प्रशिक्षण देते, कायद्यांवर लान्सिंगमध्ये मत मांडते आणि पोलिस खात्यांना मानांकन देण्याची व्यवस्था चालवते. पोलिसाचा परवाना मात्र यांपैकी कोणाच्याच हातात नाही. तो राज्याच्या मानक आयोगाकडे असतो. त्या आयोगावर पोलिस संघटनांचे प्रतिनिधी असतात, तसेच फौजदारी बचाव वकिलांचेही. २०१७ च्या कायद्यानुसार अधिकाऱ्याने नोकरी का सोडली याची नोंद खात्याला ठेवावी लागते, आणि नवी नोकरी देणाऱ्या खात्याला ती पाहता येते. एका गावात गोंधळ घालून दुसऱ्या गावात गुपचूप रुजू होणं त्यामुळे अवघड झालं. ही व्यवस्था निर्दोष नाही. पण व्यवसायाची इभ्रत राखणं आणि व्यक्तीला वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी ती मान्य करते.

महाराष्ट्रासाठी मला तेच हवं आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पोलिस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात त्याची तरतूद केली. ते प्राधिकरण खऱ्या अर्थाने स्वतंत्र आणि सक्षम असावं. त्याच्या जोडीला कनिष्ठ पोलिसांची मान्यताप्राप्त, निवडून आलेली राज्यव्यापी संघटना असावी आणि संपाऐवजी लवाद असावा.

कोठडीशी याचा काय संबंध, असं कोणी विचारेल. वरून तोंडी हुकूम येतो, 'याला जरा बोलतं कर.' ज्या शिपायाला रजाही मागता येत नाही, तो 'लेखी द्या साहेब' असं कशाच्या बळावर म्हणणार? प्रकरण अंगाशी आलं की निलंबित तोच होतो. हुकुमाचा कागद कुठेच नसतो. मामा निवृत्तीनंतर एकदाच म्हणाले होते, "नाही म्हणायची इच्छा पुष्कळदा झाली रे. पण मागे कोण होतं?"

पुढच्या वेळी कोठडीतल्या मृत्यूबद्दल आपण निवेदन काढू, तेव्हा दोषींना शिक्षा मागूच. त्याखाली ही एक ओळही घालूया.