रायगड : राजधानीचे बळ कशात असते?

(नागोठणे येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1 जानेवारी 1981 रोजी कुलाबा जिल्ह्याचे नामांतर झाले आणि अंबा नदीकाठच्या नागोठण्याच्या पत्त्यावरही रायगडाचे नाव आले. नाव लिहिणे सोपे आहे. त्या राजधानीचा अर्थ जाणणे अवघड.

1656 साली जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव होऊन रायरीचा डोंगर शिवाजी महाराजांकडे आला. हिरोजी इंदुलकरांनी त्यावर राजधानी उभारली. 6 जून 1674 रोजी तेथे राज्याभिषेक झाला; इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन त्या वेळी हजर होता. मात्र त्यापूर्वी राजाच्या क्षत्रियत्वाविषयी शंका काढली गेली आणि गागाभट्टांकडून तिचे निरसन करून घ्यावे लागले. स्वराज्य निर्माण करणाऱ्यालाही वर्णाचा दाखला द्यावा लागला, हे विसरता येत नाही.

राजधानीचे खरे बळ सिंहासनात नव्हते. नवी वतने देण्याऐवजी रोख वेतन, जमिनीची मोजणी करून सारा, आणि सैन्याला शेतकऱ्याच्या धान्याला व भाजीपाल्याला हात न लावण्याची सक्त ताकीद, या धोरणात ते होते. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना धाडलेल्या पत्राचा आशयच असा की, रयतेला उपद्रव दिलात तर तिला मोगल बरे वाटतील.

या बळाची परीक्षा 1689 साली झाली. रायगड मोगलांच्या हाती गेला. येसूबाई व शाहू कैद झाले. राजाराम महाराज दूर जिंजीला गेले. राजधानी पडली, पण राज्य पडले नाही. संताजी-धनाजींच्या फौजा लढत राहिल्या आणि 1707 साली औरंगजेबाचाच अंत दक्षिणेत झाला.

याउलट नोव्हेंबर 1817 मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. मे 1818 मध्ये रायगडही गेला आणि जूनमध्ये दुसरा बाजीराव शरण आला. वर्षभरात सारे संपले. इंग्रजांच्या तोफा हे त्याचे एक कारण. पण महाल मक्त्याने देऊन रयतेला मक्तेदारांच्या स्वाधीन करणारे राज्य वाचवावे, असे कुणब्याला का वाटावे?

1869 साली जोतीराव फुल्यांनी पोवाडा रचून शिवाजीराजा पुन्हा कुळवाड्यांच्या स्वाधीन केला. तरीही रायगडाच्या परिसरातील महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. राज्याभिषेकाला अडीचशे वर्षे उलटून गेली होती. पाण्यावरचा हक्क मात्र गडाखाली पोचला नव्हता.

म्हणून राजधानी मुंबई असो वा दिल्ली, तिची थोरवी तिच्या वास्तूंवरून ठरत नाही. कुळाच्या नावावर जमीन लागली काय, कारखान्यासाठी शेत गेलेल्याला काम मिळाले काय, आदिवासी वाडीवर पाणी पोचले काय, यावरून ती ठरते. गडावर हार वाहणाऱ्यांची वाण नाही. हे प्रश्न तहसील कचेरीच्या दारात विचारणारे कार्यकर्ते हवे आहेत. रायगडाचा वारसा त्यांनीच चालवायचा आहे.