सूत्रधारापुढची भिंत

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. धावत्या सहकाऱ्याला हेरून त्याच्याकडे चेंडू फेकण्यास त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद लाभतात, आणि तेही पुढचे पाच धिप्पाड गडी प्रतिस्पर्ध्यांना अंगावर थोपवून धरतात म्हणून. या पाचांची नावे प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात राहत नाहीत.

फेब्रुवारी २०२१ मधील सुपर बोल या अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स खेळत होता. आदल्याच वर्षी त्याने संघास विजेतेपद मिळवून दिले होते. परंतु या वेळी भिंतीच्या दोन्ही टोकांचे नेहमीचे रक्षक दुखापतीमुळे बाहेर होते. माहोम्स सामनाभर जीव घेऊन पळत राहिला. एकदा तर कोसळता कोसळता, जवळजवळ आडव्या देहाने त्याने चेंडू फेकला. तो नेमका सहकाऱ्याच्या शिरस्त्राणावर आदळला आणि निसटला. ही प्रतिभा नव्हे तर काय? तरीही संघाला एकही टचडाउन साधता आला नाही, ३१-९ असा पराभव झाला.

विजयी टॅम्पा बेच्या ४३ वर्षीय टॉम ब्रेडीचे गोडवे गायले गेले, ते यथोचितच. मात्र त्याची भिंत शाबूत होती. २००८ च्या अंतिम सामन्यात हाच ब्रेडी तोवर अपराजित असलेला संघ घेऊन उतरला होता. न्यूयॉर्क जायंट्सनी भिंत भेदून त्याला पाच वेळा चेंडूसह लोळवले आणि सामना १७-१४ असा जिंकला.