डबल बाण काय सांगतो, काय नाही

आज बोलूया व्हॉट्सॲपच्या डबल बाणाबद्दल.

२०२० च्या सुरुवातीचं 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' हे फॉरवर्ड आठवतंय? महाराष्ट्रात कोंबडीचे दर इतके पडले की पोल्ट्रीवाल्यांचा खर्चही निघेना. काहींनी जिवंत पिल्लं पुरली. सरकार सांगत होतं, याला पुरावा नाही. पण लोकांनी विश्वास ठेवला तो मेसेज पाठवणाऱ्या काकांवर, मित्रावर. मुळात लिहिलं कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं.

डबल बाण म्हणजे मेसेज निदान पाच वेळा पुढे ढकलला गेलाय. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण ॲप मोजतं फक्त प्रवास, खरं-खोटं नाही. एन्क्रिप्शनमुळे मजकूर त्याला वाचताच येत नाही. आणि कुणी कॉपी-पेस्ट केलं की मोजणी पुन्हा शून्यावर, बाण गायब!

म्हणून बाण असो वा नसो, एकच विचारा: "काका, हे तुम्हाला कुठून कळलं?" उत्तर 'ग्रुपवर आलं होतं' असेल, तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबू द्या. भेटू पुढच्या भागात!