अनपेक्षिताची पूर्वतयारी



भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव मानला आहे. नाटकात इतर रस कोणतेही असोत, शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुताची योजना असावी, असेही तेथे सांगितले आहे. मात्र या अद्भुताची बीजे आधीच पेरावी लागतात.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात सर्वदमनाचे रक्षाकवच जमिनीवर पडते आणि दुष्यंत ते सहज उचलतो. तापसी थक्क होतात. आईवडील किंवा स्वतः बालक यांच्यावाचून अन्य कोणी ते उचलले, तर त्याचा सर्प होऊन तो दंश करतो. राजाला पितृत्वाची खूण पटते ती अशी. प्रेक्षकाला चौथ्या अंकापासून शाप ठाऊक असतो. तरीही तो हेलावतो, कारण राजाचा विस्मय तो राजाबरोबर अनुभवतो.

ओ. हेन्री यांच्या १९०५ सालच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ या कथेत पत्नी पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते ती आपले केस विकून. पतीने तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात ते घड्याळ विकून. केस आणि घड्याळ ही त्या घरातील दोनच मोलाची वस्तू, हे लेखकाने आरंभीच सांगितलेले असते. म्हणून शेवट फसवणूक वाटत नाही. त्या दोघांचे प्रेम त्यातूनच उलगडते.

शालेय निबंधात मात्र गोष्ट अडली, की ‘तेवढ्यात मला जाग आली’ हे वाक्य हटकून येते. त्यात मुलांचा दोष थोडा. अपेक्षित प्रश्नसंच आणि पाठ केलेले नमुने यांतून अनपेक्षित सुचण्याची सवयच मोडते. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला तर मराठीत स्वतःचे काही लिहिण्याची जागा बहुधा शाळेची वहीच असते. तीही नमुन्यांनी भरली, तर मराठी त्याच्यासाठी केवळ गुणांची भाषा उरेल.

पालकांनी मुलाची गोष्ट वाचताना शुद्धलेखनाआधी एवढेच विचारावे: ‘शेवटी हे घडले, त्याची चाहूल तू आधी कुठे दिलीस?’ उत्तर शोधताना मूल मागे वळून स्वतःची गोष्ट पुन्हा वाचेल, आणि लेखनाचा खरा अभ्यास तेथून सुरू होईल.