आरशांमधले रेणू



एकमेकांसमोर दोन आरसे ठेवा आणि मध्ये रंगद्रव्य मिसळलेल्या प्लॅस्टिकचा थर. मात्र आरशांमधलं अंतर हवं प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा काहीशेवा हिस्सा. एरवी रंगद्रव्यानं सोडलेला प्रकाश निघून जातो. इथे तो आरशांत अडकतो, रेणू तो पुन्हा शोषतात, पुन्हा सोडतात. एकाच दोरीला टांगलेल्या दोन लंबकांचं आंदोलन जसं याच्यातून त्याच्यात जातं, तशी ही ऊर्जेची ये-जा. प्रकाश निसटण्याआधीच ती घडते, म्हणून प्रकाश कुठला आणि रेणू कुठला हे वेगळं काढताच येत नाही. वर्णपटात एका रेषेच्या जागी दोन दिसतात. या मिश्र अवस्थेचं नाव पोलॅरिटॉन.

1992 मध्ये क्लोद वाइसबुश आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये ही गोष्ट दाखवली. पण तिथे दोन रेषांमधलं अंतर अवघं काही मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीतल्या उष्णतेचीच ऊर्जा सुमारे 25, त्यामुळे नमुना अतिथंड ठेवावा लागे. 1998 मध्ये शेफिल्ड विद्यापीठात डेव्हिड लिड्झी यांच्या गटानं पॉर्फिरिन घेतलं. हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम त्याच्याच कुळातले. अंतर आलं सुमारे 160, तेही खोलीच्या तापमानाला! सेंद्रिय रेणू प्रकाश जोरकसपणे शोषतात आणि शोषलेली ऊर्जा रेणूतच घट्ट धरून ठेवतात, खोलीतल्या उष्णतेनं ती पकड सुटत नाही. 2014 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत केवळ 35 नॅनोमीटर जाडीच्या पॉलिमर थरात पोलॅरिटॉनांचं बोस-आइनस्टाइन संघनन, म्हणजे असंख्य कणांचं एकाच अवस्थेत येणं, घडलं. सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या लेखातून निघालेली ही कल्पना, अणूंच्या बाबतीत निरपेक्ष शून्याजवळच साधते.

मला मात्र अधिक ओढ आहे ती रसायनशास्त्राची. स्ट्रासबूर्गमध्ये टॉमस एबेसन यांच्या गटानं 2012 मध्ये दाखवलं, की आरशांमध्ये कोंडलेल्या रेणूंची प्रकाशानं होणारी अभिक्रिया मंदावते. 2016 मध्ये त्याच गटातले अनूप थॉमस, जिनो जॉर्ज आदींनी बाहेरून प्रकाश न टाकता, नुसत्या रेणूंच्या कंपनांशी आरशांमधल्या पोकळीचा मेळ घालून, अभिक्रियेचा वेग कमी झाल्याचं मांडलं. उत्प्रेरक नाही, उष्णता नाही, फक्त आरशांमधलं नेमकं अंतर.

यामागचा सिद्धान्त अजून पक्का बसलेला नाही. या क्षेत्रातले काही निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळांत पुन्हा मिळाले नाहीत. म्हणून सेंद्रिय पोलॅरिटॉन ही सिद्ध गोष्ट मानावी. आरशांनी रसायन बदलतं हा दावा मात्र स्वतंत्र पडताळणीनंतरच स्वीकारावा.